‘मला हॅट शोभत नाही’ असं वाटतं तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं?

हवामानाच्या ॲपवर तापमानाशेजारी हल्ली आणखी एक आकडा दिसतो: ‘यूव्ही इंडेक्स’. उन्हातल्या अतिनील किरणांचा जोर किती, हे तो सांगतो. हा आकडा ३ किंवा त्याहून वर गेला की त्वचा जपायला सुरुवात करा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सावलीत राहा, अंग झाकणारे कपडे घाला, सनस्क्रीन लावा, आणि रुंद कडेची हॅट घाला. यातलं बाकी सगळं लोक जमेल तसं पाळतात, हॅटपाशी मात्र गाडी अडते. दुकानात एक-दोन हॅट डोक्यावर ठेवून बघायच्या, आरशातला चेहरा अनोळखी वाटायचा, ‘छे, मला नाही शोभत’ म्हणून त्या परत ठेवायच्या, आणि मग तो निकाल कायमचा.

हा निकाल फार घाईनं दिला जातो, असं माझं ठाम मत आहे. हॅट शोभणं ही काही मोजक्या लोकांना मिळालेली देणगी नाही. ती डोक्याच्या मापाची आहे का, तिची उंची किती आणि तिचा पसारा किती, या तीन गोष्टींवर बरंचसं ठरतं, आणि तिन्ही गोष्टी टेपनं मोजता येतात. चेहरा गोल की लांबट हा प्रश्न त्यानंतरचा. सल्ले देणारे तक्ते मात्र नेमके त्याच प्रश्नापासून सुरू होतात, म्हणून माणूस गोंधळतो.

पुढे जाण्याआधी दोन-तीन शब्द पक्के करू. डोक्यावर बसणाऱ्या उभ्या, पोकळ भागाला ‘क्राऊन’ म्हणतात. इथे त्याला माथा म्हणू. माथ्याभोवती पसरलेला घेर म्हणजे ‘ब्रिम’; त्याला कड म्हणू. माथ्याच्या आतून जी पट्टी कपाळाला टेकते ती घामपट्टी. चहूबाजूंनी कड असेल तर हॅट, फक्त पुढे असेल तर कॅप.

हॅट घातली की चेहऱ्याचं काय होतं?

रोमन वास्तुरचनाकार विट्रुव्हियस यानं दोन हजार वर्षांपूर्वी चेहऱ्याचे तीन भाग सांगून ठेवले आहेत. हनुवटीपासून नाकाच्या बुडापर्यंत एक, तिथून भुवयांपर्यंत दुसरा आणि भुवयांपासून केस सुरू होतात त्या रेषेपर्यंत तिसरा. त्याच्या हिशेबानं तिन्ही सारखे. खऱ्याखुऱ्या माणसांचे ते तंतोतंत सारखे क्वचितच असतात, पण चेहरा काढायला शिकणारे विद्यार्थी आजही याच तीन भागांपासून सुरुवात करतात.

हॅट यातला वरचा भाग जवळजवळ पुसून टाकते. केसांची रेषा झाकली जाते, कपाळाचा बोट-दोन बोटं पट्टा उरतो, आणि त्यावर थेट माथा सुरू होतो. म्हणजे चेहऱ्याचे खालचे दोन भाग तुमचे आणि वरचा भाग हॅटनं दिलेला, असा नवाच चेहरा तयार होतो. त्याच चार भिंतींवर उभट उताराचं छप्पर घातलं तर घर उंच दिसतं, आणि बसकं, पागोळ्या लांबवर काढलेलं छप्पर घातलं तर तेच घर ठेंगणं नि पसरट दिसतं. हॅटचंही असंच आहे. त्यामुळे ‘माझा चेहराच हॅटसाठी नाही’ असं म्हणण्याआधी त्या चेहऱ्यावर कुठलं छप्पर ठेवून पाहिलं, हे विचारायला हवं.

आधी माप, मग बाकी सगळं

लोकांनी ‘शोभत नाही’ म्हणून नाकारलेल्या हॅटपैकी बऱ्याच मुळात त्यांच्या मापाच्याच नसतात, असं मला वाटतं. लहान पडणारी हॅट डोक्यावर उतरत नाही, वर अडकून राहते. कपाळ नको इतकं उघडं पडतं आणि त्याखालचा चेहरा मोठा वाटतो. मोठी हॅट भुवयांपर्यंत घसरते, कानांची वरची टोकं बाहेर दुमडते, आणि माणूस हॅटखाली हरवतो. दोन्ही वेळा दोष चेहऱ्याच्या माथी मारला जातो.

माप घ्यायला कापडी टेप लागतो. तो नसेल तर दोरा घ्या आणि नंतर पट्टीवर मोजा. टेप कपाळाच्या मध्यावर ठेवायचा, जिथे हॅटची घामपट्टी यावी असं वाटतं तिथे, भुवयांच्या साधारण सेंटिमीटरभर वर. तिथून तो दोन्ही कानांच्या थोडा वरून मागे न्यायचा. डोक्याच्या मागच्या बाजूला बोटांनी चाचपलं तर एक उंचवटा लागतो. टेप त्या उंचवट्यावरून गेला पाहिजे. बहुतेकांची चूक इथेच होते. टेप मागे मानेकडे घसरतो किंवा वर चढतो, आणि आकडा बदलतो. टेप आवळायचा नाही, नुसता टेकवायचा. केस नेहमी जसे ठेवता तसेच ठेवून मोजायचं. दोन-तीनदा मोजा, आणि आकडा दोन मापांच्या मध्ये आला तर मोठं माप घ्या. मोठी हॅट किंचित लहान करता येते, लहान हॅट मोठी करणं अवघड असतं.

हॅटच्या आतल्या लेबलावर कधी ५८ असं लिहिलेलं असतं, कधी ७¼, कधी ७⅛, आणि तिन्ही एकाच मापाच्या हॅट असू शकतात. ५८ म्हणजे डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये. अमेरिकी पद्धतीत घेर इंचांत घेऊन त्याला ३.१४ नं, म्हणजे ‘पाय’नं भागतात: ५८ सेंटिमीटर म्हणजे सुमारे २२.८ इंच, भागाकार ७¼ च्या जवळ. ब्रिटिश पद्धतीत तेच माप एक-अष्टमांशानं कमी लिहितात, म्हणून ७⅛. प्रत्येक अष्टमांश इंचाची पायरी घेरात सुमारे एक सेंटिमीटरची असते. एवढा एकच सेंटिमीटर हॅट डोक्यावर नीट बसणार की नाही हे ठरवतो. म्हणूनच नुसतं ‘मीडियम’ किंवा ‘लार्ज’ लिहिलेल्या हॅटचं माप सेंटिमीटरमध्ये विचारून घ्यावं.

घेर जुळूनही हॅट टोचू शकते, कारण डोकं वरून पाहिलं तर कुणाचं लांबट अंड्यासारखं असतं, कुणाचं बरंच गोल. लांबट डोक्यावर गोल हॅट ठेवली की ती कपाळावर आणि मागे दाबते, आणि कानांच्या वर दोन्हीकडे फट राहते. गोल डोक्यावर लांबट हॅट घातली की ती कानशिलं दाबते आणि पुढे-मागे सैल राहते. हा फरक हॅट बनवणाऱ्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. १९व्या शतकात पॅरिसमध्ये ‘कन्फॉर्मातर’ नावाचं यंत्र निघालं. हॅटसारखंच डोक्यावर ठेवायचं हे यंत्र. त्याच्या कडेनं उभ्या पट्ट्यांची रांग असते, प्रत्येक पट्टी डोक्याला टेकून आपापल्या जागी सरकते, आणि वरच्या बाजूला कागदावर त्या डोक्याचा छोटा आराखडा टोचून उमटतो. आजही मापानुसार हॅट शिवणारे काही कारागीर ते वापरतात.

आपल्याला यंत्राची गरज नाही. हॅट घाला, आणि घामपट्टीच्या आत सगळीकडून एक बोट सरकवून बघा. बोट हलक्या दाबानं सगळीकडे सारखं जायला हवं. डोकं जोरानं हलवलं तर हॅट जागची हलू नये. अर्धा तास घालून काढल्यावर कपाळावर खोल लाल रेघ उमटली असेल तर ती घट्ट आहे. जिथे फट राहते तिथे घामपट्टीच्या मागे फोमची किंवा कॉर्कची पातळ पट्टी सरकवता येते. लोकरीच्या किंवा फरच्या फेल्टची हॅट, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या तंतूंची हॅट, वाफ देऊन थोडी सैल करता येते. गवती हॅटला ही सवलत फारशी नाही, ताणली तर वीण तुटते.

माथा किती उंच असावा?

दृष्टिभ्रमांच्या पुस्तकांत एक जुनं चित्र असतं: उंच, नळकांड्यासारख्या टॉप हॅटचं. तिची उंची आणि कडेची रुंदी बरोबर सारखी असते, तरी पाहणाऱ्याला उंचीच जास्त वाटते. उभी रेघ आपल्याला तेवढ्याच आडव्या रेघेपेक्षा लांब भासते, हे आडॉल्फ फिक यानं १८५१ मध्ये नोंदवलं होतं. हॅटच्या बाबतीत याचा सरळ अर्थ असा, की माथ्याचा एक-एक सेंटिमीटर कडेच्या सेंटिमीटरपेक्षा महाग पडतो. उंचीत थोडा फरक केला तरी पाहणाऱ्याला तो ठळक जाणवतो.

साध्या फेडोराचा, म्हणजे वर खाच आणि पुढे दोन्ही बाजूंनी चिमटा काढलेल्या हॅटचा माथा साधारण १० ते १२ सेंटिमीटर उंच असतो. माझा एक ढोबळ आडाखा सांगतो. भुवयांपासून हनुवटीच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. माथा त्याहून उंच असेल तर पाहणाऱ्याची नजर आधी हॅटवर जाते आणि मग चेहऱ्यावर. तो त्या अंतराच्या जवळपास किंवा किंचित कमी असेल तर दोन्ही एकमेकांना सांभाळून घेतात. ज्यांचा चेहरा मुळातच लांब आहे त्यांनी बसक्या माथ्याकडे वळावं. गालांनी रुंद असलेल्यांना उंच माथ्याचा फायदा होतो, कारण वरून मिळालेली उंची गालांची रुंदी सावरते.

उंचीइतकीच माथ्याची रुंदीही पाहा, तिच्याकडे लोकांचं सहसा लक्ष जात नाही. समोरून बघताना माथा गालांच्या हाडांपेक्षा अरुंद दिसत असेल तर चेहरा खाली फुगल्यासारखा वाटतो. पुढचा चिमटा फार खोल असलेल्या हॅटमध्ये असं होतं. ज्यांचे गाल भरलेले आहेत त्यांनी चिमटा कमी खोल असलेली हॅट निवडावी. कपाळ रुंद आणि हनुवटी निमुळती असेल तर मात्र हाच चिमटा कामी येतो, वरची रुंदी तो थोडी आत ओढतो.

कड: सगळ्यात जास्त फरक इथे पडतो

बेल्जियमचा मानसशास्त्रज्ञ जोसेफ डेलब्यूफ यानं १८६५ मध्ये एक सोपी गोष्ट दाखवली. एका वर्तुळाभोवती त्याहून किंचित मोठं वर्तुळ काढलं तर आतलं वर्तुळ आहे त्यापेक्षा मोठं वाटतं. बाहेरचं वर्तुळ खूप मोठं काढलं तर आतलं लहान वाटतं. चेहरा म्हणजे काही कागदावरचं वर्तुळ नव्हे, पण ढोबळमानानं हाच न्याय कडेला लागू पडतो. चार सेंटिमीटरची तोकडी कड चेहऱ्याच्या रुंदीला जेमतेम पुरते, आणि चेहरा भरलेला दिसतो. सात-आठ सेंटिमीटरची कड चेहऱ्याच्या पुष्कळ बाहेर जाते, आणि चेहरा रेखीव, लहान वाटतो.

गंमत म्हणजे गोल किंवा मोठ्या चेहऱ्याची माणसं घाबरून नेमकी तोकड्या कडेची हॅट उचलतात. ‘मोठी हॅट घातली तर मी आणखी मोठा दिसेन’ असा त्यांचा हिशेब असतो. होतं उलट. पहिल्यांदाच हॅट घेणाऱ्याला मी एकच सल्ला देईन: जी कड तुम्हाला बेताची वाटते, तिच्याहून सेंटिमीटरभर रुंद कड एकदा घालून बघा.

रुंदीला वरची मर्यादा खांद्यांची. कड खांद्यांच्या जवळपास पोचली की सगळा तोल वर जातो. बुटक्या किंवा अरुंद खांद्यांच्या माणसाला ही मर्यादा लवकर लागते. ‘मी बुटका, म्हणून मोठी हॅट मला वर्ज्य’ असं मात्र समजू नये; उंच माथा आणि मध्यम कड अशी जोडी अशा माणसाला चांगली दिसते. हॅट नेहमी पूर्ण उंचीच्या आरशात बघावी, हे याचसाठी. दुकानातल्या हातभर आरशात फक्त चेहरा दिसतो, आणि लोक तर तुम्हाला नखशिखांत बघतात.

कडेचा कलही महत्त्वाचा. सपाट कड चेहऱ्यावर आडवी रेघ ओढते. पुढे किंचित खाली आणि मागे वर वळलेली कड डोळ्यांवर सावली देते, नजर नाक-तोंडाकडे आणते. सगळीकडून खाली झुकलेली कड चेहरा उभट करते, आणि लांब चेहऱ्यावर फार खाली झुकली तर तो आणखी लांब दिसतो. वर वळलेली कड चेहरा मोकळा करते. ज्यांचं कपाळ लहान आहे किंवा डोळे खोल आहेत त्यांना ती सोयीची.

भर दुपारी बाहेर उभे राहा आणि कडेची सावली चेहऱ्यावर कुठे पडते ते कुणाला तरी पाहायला सांगा. सावलीची रेघ थेट नाकाच्या मध्यावर आडवी पडत असेल तर चेहऱ्याचे दोन तुकडे झाल्यासारखे दिसतात. कड थोडी रुंद घेतली किंवा हॅट बोटभर मागे सरकवली की रेघ सरकते. दुकानाच्या दिव्याखाली हे कधीच कळत नाही.

मग चेहऱ्याच्या आकाराचे तक्ते खोटे का?

पूर्ण खोटे नाहीत. त्यांच्या मुळाशी एकच तत्त्व असतं, आणि ते कामाचं आहे: चेहऱ्यात जी रेषा आधीच ठळक आहे तीच हॅटनं पुन्हा गिरवली तर ती दुप्पट ठळक होते. गोल चेहऱ्यावर गोल घुमटासारखा माथा गोलाई वाढवतो. चौकोनी जबड्यावर सपाट, कडक, सरळ कडेची हॅट कोन वाढवते, तर मऊ, जरा लहरती कड ते कोन निवळवते. लांब चेहऱ्यावर उंच माथा लांबी वाढवतो.

अडचण पुढे येते. बहुतेक चेहरे या तक्त्यांतल्या कुठल्याच खणात बसत नाहीत. कपाळ चौकोनी, गाल गोल, हनुवटी टोकदार, अशीच सरमिसळ असते. शिवाय ठळक रेषा लपवायचीच असते असं कुणी ठरवलं? चौकोनी जबडा ज्याला आवडतो त्यानं तो खुशाल गिरवावा. हॅटचे आकार मुळात चेहऱ्यांसाठी घडलेलेही नाहीत. गोल, कडक माथ्याची बोलर हॅट १८४९ मध्ये लंडनच्या ‘लॉक अँड कंपनी’कडून बनवून घेतली गेली ती शिकारीच्या रानांच्या राखणदारांसाठी: झाडाच्या खालच्या फांद्या लागून ती पडू नये आणि डोक्यालाही मार बसू नये म्हणून. ती कुणाला शोभते हा प्रश्न नंतरचा. तेव्हा तक्ता हा आकार शोधण्याचा एक रस्ता समजावा, निवाडा समजू नये.

आरशात मी विचित्र दिसतो, त्याचं काय?

ही तक्रार खरी आहे. अनोळखी चेहरा ओळखताना माणसं केस आणि चेहऱ्याच्या बाहेरच्या रेषेवर बरीच भिस्त ठेवतात. ओळखीचा चेहरा मात्र डोळे-नाक-तोंड यांवरून ओळखतात. हे १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दिसलं. हॅट घातली की केस आणि बाह्यरेषा दोन्ही बदलतात. म्हणूनच तुमच्या घरच्यांना तुम्ही लगेच ओळखू येता, आणि रस्त्यावर ओझरते भेटलेले लोक गोंधळतात.

स्वतःच्या चेहऱ्याचं गणित आणखी वेगळं. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेखालून गेली तरी ती जास्त आवडू लागते. १९७७ च्या एका प्रयोगात लोकांना स्वतःचे दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशातल्यासारखा उलटा. लोकांनी स्वतःचा उलटा फोटो पसंत केला, त्यांच्या मित्रांनी सरळ. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं. हॅट घातलेला स्वतःचा चेहरा तुम्ही जन्मात फारसा पाहिलेला नसतो. पहिल्या मिनिटातली नावड ही हॅटची नावड नसून नवेपणाची असू शकते. हॅट घरी आणा, दाराबाहेर न पडता आठवडाभर येता-जाता घालून वावरा, आणि मग ठरवा.

सेल्फीवरून तर मुळीच ठरवू नका. हातभर अंतरावरून काढलेल्या फोटोत जवळची वस्तू फुगते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबानुसार, ३० सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाक दीड मीटरवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. हॅटची पुढची कड नाकाच्याही पुढे असते, मग तिचं काय होत असेल बघा. फोन दीड-दोन मीटरवर, डोळ्यांच्या उंचीला ठेवा, टायमर लावा, आणि समोरून, बाजूनं, तिरकं असे तीन फोटो काढा. बाजूचा फोटो विशेष बघा: तुम्हाला तो कोन आरशात दिसत नाही, इतरांना सतत दिसतो.

चष्मा, दाढी, केस

चष्मा हीच चेहऱ्यावरची एक ठळक आडवी रेषा. त्यावर लगेच कडेची दुसरी आडवी रेषा आली की डोळ्यांभोवती गर्दी होते. चष्मेवाल्यांनी हॅट भुवयांपासून दोन बोटं वर ठेवावी आणि किंचित वर वळलेली कड बघावी. हॅट घालून माप बघतानाही चष्मा डोळ्यांवर हवा, कारण त्याच्या काड्या कानांवर जागा घेतात.

दाढी चेहऱ्याला खालून लांबी आणि वजन देते, त्यामुळे दाढीवाल्यांना वर थोडा उंच माथा आणि भरीव कड पेलते. दाढी काढली की तीच हॅट अचानक मोठी वाटू शकते. लांब केस मोकळे असतील तर ते कडेखाली चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या रेषा देतात, वर बांधले की मान उघडी पडून रुंद कड अधिक ठळक दिसते. केस ज्या पद्धतीनं रोज बांधता तसेच बांधून हॅट घालून बघा, नाहीतर अंबाड्यावर ती बसायचीच नाही.

हॅट घातल्यानं टक्कल पडतं का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. केसांच्या मुळांना प्राणवायू रक्तातून मिळतो, बाहेरच्या हवेतून नाही, आणि नेहमीचं टक्कल आनुवंशिकतेमुळे व संप्रेरकांमुळे पडतं. फार घट्ट हॅट दिवसभर घासत राहिली तर केस तुटू शकतात. त्यावरही उपाय योग्य माप हाच.

रंग कसा निवडावा?

त्वचेच्या छटेवरून रंग ठरवण्याचे किचकट नियम मला फारसे पटत नाहीत. हॅट चेहऱ्याला चिकटून असते, म्हणून ती चेहऱ्यापासून वेगळी ओळखू यायला हवी एवढंच बघावं. त्वचेच्या अगदी जवळचा रंग घेतला की दोन्ही एकमेकांत मिसळून चेहरा फिका पडतो. केसांच्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद किंवा फिकी हॅट सहसा धकून जाते. माथ्याभोवतीची पट्टी हॅटहून गडद असेल तर माथा आडवा कापला जातो आणि उंची कमी भासते; एकाच रंगाची असेल तर उंची टिकते.

कडेच्या खालच्या बाजूचा रंग मात्र नक्की बघा. जमिनीवरून उसळलेला प्रकाश त्या बाजूवर पडून चेहऱ्यावर येतो. खालची बाजू पांढरी असेल तर चेहरा उजळतो, पण डोळे दिपवणारी चकाकीही वाढते. गडद असेल तर डोळ्यांना आराम पडतो. बेसबॉल खेळाडूंच्या कॅपची खालची बाजू कित्येक वर्षं हिरवी आणि पुढे करडी ठेवली गेली, ती ही चकाकी कमी व्हावी म्हणून.

शोभा बघू की ऊन?

दोन्ही जमतं, आणि इथे कडेची रुंदी तुमच्या बाजूनं आहे. ऑस्ट्रेलियातली ‘कॅन्सर काउन्सिल’ प्रौढांसाठी किमान ७.५ सेंटिमीटर कडेची हॅट सुचवते. खोल माथ्याची, खाली झुकलेल्या कडेची बकेट हॅट असेल तर किमान ६ सेंटिमीटर. बेसबॉल कॅप त्यांच्या शिफारशीत नाही, कारण कान आणि मान उघडी राहते. चेहरा रेखीव दाखवणारी सात-आठ सेंटिमीटरची कड आणि त्वचा वाचवणारी कड यांचा आकडा एकच निघतो, ही आनंदाची गोष्ट आहे.

कापडी हॅटवर ‘यूपीएफ ५०’ असं लिहिलेलं असेल तर अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्केच, कापडातून आत येतो. गवती हॅट उजेडाकडे धरून बघा. वीणेतून प्रकाशाचे ठिपके दिसले तर किरणही त्याच वाटेनं येणार. उत्तम गवती हॅट इतकी दाट विणलेली असते की ठिपका दिसत नाही. पनामा हॅट नावाची प्रसिद्ध हॅट पनामात नव्हे तर इक्वाडोरमध्ये, तोकिया नावाच्या ताडासारख्या दिसणाऱ्या वनस्पतीच्या तंतूंपासून हातानं विणतात. त्या विणकामाची नोंद युनेस्कोनं २०१२ मध्ये अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. तंतू जितका बारीक तितकी वीण दाट, आणि विणायला लागणारा वेळही तितकाच जास्त.

ऑनलाइन घ्यायची असेल तर?

घालून न बघता हॅट घ्यायची म्हणजे अंधारात उडी, असा आक्षेप येईल. त्यासाठी घरच्या घरी करता येईल अशी एक चाचणी आहे. पातळ पुठ्ठा घ्या. त्यावर डोक्याच्या घेराएवढा लांबट गोल आखा. वाकणारी तार डोक्याभोवती बसवून ती अलगद पुठ्ठ्यावर ठेवली की आकार उतरवता येतो. त्याभोवती नऊ सेंटिमीटर रुंद कड आखून बाहेरचा गोल कापा, आतला कापून काढा, आणि ती चकती कपाळावर बसवा. वर माथा नाही, तरी कड चेहऱ्याला काय करते ते लगेच दिसतं. फोटो काढा. मग बाहेरून एक सेंटिमीटर कापा, पुन्हा फोटो. असं करत पाच सेंटिमीटरपर्यंत या. सगळे फोटो शेजारी ठेवले की कुठल्या रुंदीला चेहरा नीट बसतो ते ओळखायला वेळ लागत नाही. माथ्यासाठी दहा आणि बारा सेंटिमीटर उंचीच्या दोन पट्ट्या कापून चकतीच्या पुढच्या बाजूला उभ्या चिकटवून बघा.

बहुतेक विक्रेते कडेची रुंदी आणि माथ्याची उंची वर्णनात देतात. देत नसतील तर विचारा, आणि माथ्याची उंची विचारताना ती पुढून मोजली आहे की मधल्या सर्वांत उंच जागी, हेही विचारा. खाच असलेल्या हॅटमध्ये या दोन आकड्यांत सहज एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो.